चाळीस मायक्रॉनांची शिल्लक

पुणे-नाशिक महामार्गावर मंचरच्या आसपास रात्री एखाद्या पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली काळी गाडी येऊन थांबली, की तिच्या बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची वर्तुळे उमटलेली दिसतात. दिवसा सावलीत तीच गाडी चकचकीत वाटते. गाडी पुसणाऱ्याने फडका गोल गोल फिरवला म्हणून हे चरे गोल पडले, असे बहुतेकांना वाटते, पण ते खरे नाही. चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यांपैकी जे दिव्याच्या किरणांना साधारण काटकोनात असतात, तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश फेकतात आणि चमकतात, बाकीचे दिसतच नाहीत. म्हणून आपण दोन पावले बाजूला सरकलो की वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. ही साधी परीक्षा कोणीही करून पाहू शकतो, आणि मशीनने पॉलिश शिकू पाहणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. कारण या कामात जे चुकते, ते बहुतेक वेळा हातापेक्षा नजरेमुळे चुकते. रंगावर नेमके काय झाले आहे हे न पाहताच मशीन सुरू केले जाते.

आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात हे चऱ्यांचे जाळे लवकर पडते, याला कारणे आहेत. हा सगळा मुलूख काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्याच्या धुळीत फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात आणि खडकाच्या पोकळ्यांतून निघालेली गारेची कणीही असते. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या दहाच्या मोजपट्टीवर ही खनिजे साडेपाच ते सातच्या दरम्यान बसतात. गाडीचा वरचा थर म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिक. त्याचा या धुळीपुढे काही निभाव लागत नाही. त्यात ऊस, कांदा-बटाट्याची वाहतूक, कच्चे शेतरस्ते आणि दारात उघड्यावर उभी गाडी. सकाळी निघण्याआधी तिच्यावर कोरडा फडका मारायची सवय घरोघरी आहे. फडक्याखाली अडकलेला प्रत्येक कण रंगावरून ओढला जातो. जाळ्याचा मोठा वाटा या रोजच्या फडक्याचा असतो.

आता हे चरे नेमके कशात पडतात ते पाहू. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. गॅरेजमध्ये त्यालाच लॅकर म्हणतात. सगळे मिळून कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे बहुधा डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक याच थरात आहे, उन्हापासूनचे संरक्षणही याच थरात आहे. अतिनील किरण शोषणारी रसायने त्यात मिसळलेली असतात. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. इथल्या गाडीच्या टपाला आणि बॉनेटला या थराची किती गरज आहे, ते वेगळे सांगायला नको. हा थर फार पातळ झाला की रंग पांढुरका पडू लागतो आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. तो टप्पा आला की कोणतेही पॉलिश उपयोगाचे नसते, रंगच नव्याने मारावा लागतो.

आणि नव्याने मारलेला रंग पहिल्याची बरोबरी करत नाही, हा मुद्दा या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले, महिंद्राही तिथेच आहे. अशा कारखान्यांत उघड्या पत्र्याची बॉडी मोठ्या भट्टीतून जाते. क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, खालचा गंजरोधक थर त्याहून जास्त तापमानाला. गॅरेजमध्ये ते शक्य नाही. तयार गाडीत वायरिंग असते, प्लॅस्टिकचे भाग असतात, रबर असते. त्यामुळे तिथे दोन घटक मिसळून मारायचा रंग वापरतात आणि चांगली भट्टी असली तरी तो साधारण ६० अंशांना वाळवतात. छोट्या गॅरेजात तर नुसत्या उन्हावर आणि वाऱ्यावर. कुशल पेंटर उत्तम काम करतो यात शंका नाही, पण कारखान्यातला मूळ थर एकदाच मिळतो. ती एक ठरलेली शिल्लक आहे आणि गाडी वापरात असेपर्यंत ती पुरवायची आहे.

या हिशेबात पॉलिशचे मशीन कुठे बसते? पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण प्रत्यक्षात उलट घडते. पॉलिशच्या मलमात मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि कठीणपणाच्या त्याच मोजपट्टीवर हा पदार्थ नवव्या पायरीवर आहे. मशीनला लावलेला फोमचा किंवा लोकरीचा पॅड हे कण क्लिअर कोटवर घासतो. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग खाली उतरवला की चरा नाहीसा होतो. चरा भरला जात नाही, त्याच्या भोवतीचा थर काढला जातो. जाळ्याचे बारीक चरे सहसा एक-दोन, फार तर तीन मायक्रॉन खोल असतात. हलक्या पॉलिशचा एक हात एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी काढतो, कडक कंपाउंड, म्हणजे भरड पॉलिश, आणि लोकरीचा पॅड मिळून तीन-चार मायक्रॉन सहज काढू शकतात. या धंद्यातले जाणते लोक गाडीच्या साऱ्या आयुष्यात सात-आठ मायक्रॉनांपेक्षा जास्त क्लिअर काढू नये, असे धरून चालतात. दरवर्षी दिवाळीला गाडी कडक कंपाउंडने घासून घेणारा मालक ही मर्यादा दोन-तीन वर्षांतच ओलांडू शकतो. म्हणून माझे म्हणणे असे, की नवशिक्याला मशीन चालवायला शिकवण्याआधी थर जपायला शिकवले पाहिजे. कुठे हात लावायचा नाही, किती काढायचे नाही आणि कधी थांबायचे, हे या विद्येचे पहिले धडे आहेत. आपल्याकडे ते शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

दरवर्षी ‘रबिंग-पॉलिश’ करायची सवय आली कुठून, तेही समजून घ्यायला हवे, कारण ती अडाणीपणातून आलेली नाही. ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात गाड्यांवर पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य अगदी वरपर्यंत असे आणि रंगही जाड बसलेला असे. उन्हाने वरचा भाग मेला की तो खडूसारखा होई. कंपाउंडने तो मेलेला भाग काढला की खालचा ताजा रंग वर येई आणि फडक्याला गाडीचाच रंग लागे. त्या रंगाला घासणे हाच उपाय होता आणि जाडीही पुरेशी होती. त्या काळातल्या कारागिरांनी हाताने घासून जी चमक आणली तिचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण रंगाची रचना बदलली आणि सवय तशीच राहिली. आजच्या गाडीवर फडक्याला रंग लागला, तर एक तर त्या भागावर पारदर्शक थर नसलेला साधा रंग मारलेला आहे, किंवा क्लिअर संपून घासणारा खालच्या रंगापर्यंत पोहोचला आहे. दुसरी शक्यता असेल तर काम तिथल्या तिथे बंद केले पाहिजे.

मशीन कोणते घ्यावे, या प्रश्नाचे उत्तरही या थराच्या हिशेबातूनच निघते. गॅरेजमध्ये रूढ असलेले मशीन रोटरी. त्याचा पॅड एका आसाभोवती सरळ फिरतो. सहा इंची पॅड मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी सुमारे ५७ किलोमीटर वेगाने रंगावरून जाते, आणि मधला बिंदू मात्र जागच्या जागी असतो. हा वेग एकाच जागी काही क्षण जास्त राहिला की उष्णता साचते, क्लिअर मऊ पडतो आणि जळतो. दुसऱ्या प्रकारचे मशीन ड्युअल ॲक्शन, थोडक्यात डीए. त्याचा पॅड आसापासून थोडा बाजूला बसवलेला असल्यामुळे तो लहानशा कक्षेत थरथरत फिरतो आणि स्वतःभोवतीही सावकाश वळतो. कक्षा १५ मिलिमीटरची आणि मिनिटाला ४,००० आवर्तने धरली, तर त्या हालचालीचा वेग ताशी अकरा-बारा किलोमीटरच्या आसपास येतो. दोन्ही यंत्रांच्या स्वभावातला फरक या आकड्यांत आहे. डीएवर जास्त दाब दिला किंवा पॅड तिरका झाला तर त्याचे स्वतःभोवती वळणे थांबते, घासण्याची ताकद गळते आणि रंग बहुतेक वाचतो. रोटरीवर तीच चूक झाली तर रंग जातो. एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वेल्डिंगच्या दुकानातला अँगल ग्राइंडर घेऊन त्याला पॉलिशचा पॅड लावण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्या करतो. त्यावर सहा इंची पॅड लावला तर कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. रंग तर जळेलच, पण पॅड सुटून माणसाच्या तोंडावर येऊ शकतो.

यावर पहिला आक्षेप जुन्या उस्तादांचा असतो: आम्ही रोटरीवरच शिकलो, रोटरी जलद काम करते, डीए म्हणजे खेळणे. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. खोल चरे आणि नव्या रंगावरचे दाणे काढायला कुशल हातातली रोटरी आजही उत्तम, आणि ज्याला हा धंदाच करायचा आहे त्याने ती पुढे शिकावीच. पण उस्ताद ज्या गाड्यांवर शिकला त्यांचा रंग जाड होता, आणि शिकताना झालेल्या चुका पुन्हा रंग मारून झाकायची सोय त्याच गॅरेजात होती. आजच्या नवशिक्याच्या हातात पातळ थराची, बहुधा दुसऱ्याची आणि बऱ्याचदा कर्जाची गाडी असते. शिवाय पत्र्याच्या कडा आणि घड्या या ठिकाणी रंग मुळातच पातळ बसतो, कारण ओला रंग धारेपासून दोन्हीकडे ओढला जातो. रोटरीची चूक नेमकी तिथेच होते. कडांवर चिकटपट्टी लावून त्या झाकल्या तर धोका कमी होतो. नवशिक्याने तर कोणत्याही मशीनला कडांपासून दूरच ठेवावे. वेळ वाचतो हा युक्तिवाद रोज पाच गाड्या करणाऱ्याला लागू आहे. शिकणाऱ्याला वेळेपेक्षा चूक पोटात घालणारे यंत्र जास्त उपयोगाचे.

प्रत्यक्ष कामाची रीत अवघड नाही, पण तिचा क्रम मोडता येत नाही. गाडी भरपूर पाण्याने धुवायची. मग हात फिरवून पाहायचे. धुतल्यावरही पृष्ठभाग खरखरीत लागला, तर डांबराचे ठिपके, लोखंडाचे कण, झाडाचा चीक रंगात रुतलेला आहे असे समजावे. तो क्ले बारने, म्हणजे रुतलेला मळ उचलणाऱ्या खास मातीने, पृष्ठभाग निसरडा ठेवणारे पाणी वापरून काढायचा. हे न करता मशीन लावले तर तोच मळ पॅडमध्ये अडकून नवे चरे पाडतो. गाडी सावलीत आणि गार असली पाहिजे. एप्रिलच्या दुपारी ज्या बॉनेटवर तळहात ठेववत नाही, त्यावर पॉलिश क्षणात सुकते. त्यानंतर रबर आणि काळे प्लॅस्टिक चिकटपट्टीने झाकायचे आणि एकाच जागी, साधारण दीड-दोन फुटांच्या चौकोनात, चाचणी घ्यायची. ही चाचणी म्हणजे या कामाचा आत्मा आहे. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश आधी. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, कमी वेगावर ते पसरवून घ्यायचे, मग वेग वाढवून आडव्या आणि उभ्या ओळींत मशीन न्यायचे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली असावी. हात सेकंदाला इंच-दोन इंच एवढाच सरकावा. नवशिक्यांची सर्वांत सार्वत्रिक चूक इथे होते: मशीन वेगाने फिरते म्हणून हातही वेगाने फिरवला जातो आणि पॅडला काम करायला वेळच मिळत नाही. दाब मशीनच्या वजनापेक्षा किंचित जास्त, इतकाच. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवली की पॅड वळतो आहे की अडला आहे ते चालू कामात दिसते. चौकोन पुसून दिव्याखाली पाहावा. चरे गेले असतील तर हीच जोडी साऱ्या गाडीला पुरेल. राहिले असतील तर एकच पायरी वर चढावे, आधी पॉलिश बदलून किंवा आधी पॅड बदलून, दोन्ही एकदम नाही. नख अडकते असा चरा मात्र सोडून द्यावा. तो मशीनचा विषय नाही. पॅड दर चौकोनानंतर साफ करावा, कारण त्यात निघालेला क्लिअर आणि वापरलेले पॉलिश साचते. मास्क आणि चष्मा लावावा, वायर खांद्यावरून मागे टाकावी.

चौकोन कसा पुसायचा यालाही महत्त्व आहे, कारण फसवणूक इथे होते आणि ती बऱ्याचदा नकळत होते. पॉलिशमध्ये तेले असतात, काहींमध्ये चरे भरून टाकणारे पदार्थही असतात. कोरड्या फडक्याने पुसले तर ते चऱ्यांत बसून राहतात आणि गाडी आरशासारखी दिसते. दोन-चार धुण्यांत तेल निघून जाते आणि जाळे परत येते. मालक म्हणतो, पॉलिश टिकले नाही. खरे तर चरे निघालेच नव्हते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मऊ मायक्रोफायबरने चौकोन पुसला की तेल उतरते आणि उरलेले सत्य दिव्याखाली दिसते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. विक्रीच्या आदल्या दिवशी चकचकीत केलेल्या गाडीचा रंग कसा आहे, ते महिनाभरानंतरच कळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इथे रोज धूळ, गाडी संध्याकाळपर्यंत पुन्हा मळते, मग एवढे सोपस्कार कशाला? शेतकऱ्याच्या पिकअपला मंचरच्या बाजार समितीत कांदा न्यायचा आहे, लग्नात मिरवायचे नाही. याचे उत्तर असे, की हा आक्षेप पॉलिशच्या विरोधात आहे, थर जपण्याच्या विरोधात नाही. उलट तो माझ्याच बाजूने बोलतो. ज्या मुलखात धूळ जास्त, तिथे चरे पुन्हा पडणार हे नक्की. तिथे वारंवार पॉलिश करणे म्हणजे शिल्लक उधळणे. म्हणून तिथे पॉलिश विरळा आणि धुणे चांगले, हाच उपाय. सकाळचा कोरडा फडका बंद करावा. घाई असेल तर धूळ तशीच राहू द्यावी, नुसत्या धुळीने रंगाचे काही बिघडत नाही. धुताना दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक हातमोजा खळबळायची. आधी पाण्याने माती उतरवावी, मग टपापासून खाली यावे. टायरजवळचा भाग सर्वांत शेवटी, कारण सगळी रेती तिथे असते. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न आंबेगावात रास्त आहे. पण डिंभे धरणाच्या कालव्याखालच्या गावांतसुद्धा नळी सोडून गाडी धुण्यापेक्षा दोन बादल्यांना पाणी कितीतरी कमी लागते. बोअरचे पाणी असेल तर आणखी एक काळजी हवी. बेसाल्टातून आलेल्या या पाण्यात बऱ्याचदा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. उन्हात थेंब वाळले की पांढरे डाग उरतात आणि ते जुने झाले की क्लिअरमध्ये खड्डे करतात. धुतल्यावर लगेच टिपून घेणे हा त्यावरचा सोपा इलाज.

तिसरा आक्षेप शहरातून आला आहे: आता सिरॅमिक कोटिंग असते, त्यामुळे हे सगळे जुने झाले. कोटिंगचे फायदे आहेत. पाणी आणि मळ चटकन घसरतो, धुणे सोपे होते आणि म्हणून धुताना पडणारे चरे कमी होतात. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते आणि ते पारदर्शक असते. खाली जाळे असेल तर तेही कोटिंगखाली बंद होते. त्यामुळे कोटिंगच्या आधी पॉलिश करावेच लागते, आणि घाईने रोटरी मारून पाच-सहा मायक्रॉन काढायचे व वर दोन मायक्रॉनांचे कोटिंग द्यायचे, हा व्यवहार मालकाच्या तोट्याचा आहे. जाहिरातीत येणारा ‘नाइन एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे. खनिजांच्या मोजपट्टीवरच्या नऊशी त्याचा संबंध नाही, आणि गारेच्या कणापुढे अशा कोटिंगवरही चरे पडतात. पारदर्शक फिल्म मात्र वेगळी. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते आणि खरोखर मार झेलते, पण तिचा खर्च वेगळ्याच पातळीवरचा आहे. नव्या काळाच्या या दोन्ही वस्तूंनी पॉलिश शिकण्याची गरज कमी केलेली नाही, उलट चूक महाग केली आहे.

ही विद्या कुठे शिकायची? आज बहुतेक मुले गॅरेजात किंवा वॉशिंग सेंटरवर, गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकतात. मला याच ठिकाणी अवसरीची आठवण येते. अवसरी बुद्रुकच्या शेजारी, अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. तिथे ऑटोमोबाइल अभियांत्रिकीची शाखा आहे. शेजारी शासकीय तंत्रनिकेतन आहे. महामार्गाने खाली चाकण आणि त्याच्या पलीकडे पिंपरी-चिंचवड, म्हणजे देशातल्या मोठ्या वाहन पट्ट्यांपैकी एक. रंगाची जाडी मोजणे, भट्टीचे तापमान, पॉलिमरचे रसायन हे विषय वर्गात शिकवता येतील असे आहेत, आणि ते ज्यांना रोज लागतात ती मुले दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर मंचरच्या गॅरेजांत हातात बफिंग मशीन घेऊन उभी आहेत. आयटीआयमध्ये गाडीच्या बॉडीच्या रंगकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि वर्ल्डस्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत कार पेंटिंग हा एक प्रकारच आहे. म्हणजे जग या कामाला प्रतिष्ठा देते. आपल्याकडे ते ‘पोरं करतात’ या सदरात मोडते. महाविद्यालय आणि गॅरेज या दोन ठिकाणांमधले अंतर मिटवायला फार मोठी योजना लागत नाही. अपघातातून निघालेली जुनी बॉनेटे आणि दरवाजे गॅरेजांत भंगारात पडलेले असतात. असे काही पत्रे, दोन डीए मशीन, एक रंगाची जाडी मोजणारे गेज आणि एक चांगला एलईडी दिवा, एवढ्यावर शनिवार-रविवारचा वर्ग चालू शकतो.

गेज महाग आणि गावात कोण घेणार, असा आक्षेप इथे येईल, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. हे हातात मावणारे यंत्र पत्र्यावर टेकवले की चुंबकीय पद्धतीने, आणि ॲल्युमिनियम असेल तर विद्युतप्रवाहाच्या भोवऱ्यांवरून, वरच्या सगळ्या थरांची एकूण जाडी सांगते. एकट्या क्लिअरची जाडी ते वेगळी काढून देत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही नेहमीची गेज चालत नाहीत. तरीही त्याची किंमत वसूल होते. सगळ्या गाडीवर ११०-१२० असा आकडा येत असताना एका दरवाजावर अडीचशे आला, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. एखाद्या कडेजवळ अचानक ८० आला तर तिथे आधी कोणीतरी घासून ठेवले आहे आणि तिथे मशीन लावायचे नाही. एका गॅरेजला ते परवडत नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले किंवा चार गॅरेजांनी मिळून घेतलेले वापरता येते. आणि गेज नसेल तेव्हा सौम्य जोडीच्या वर न जाणे, हा नियम पाळता येतो. गाडीचा पूर्वेतिहास माहीत नसताना कडक कंपाउंड हातात घेण्याचा अधिकार नवशिक्याला नाही, असे मी स्पष्ट म्हणेन.

अशा वर्गात पहिला पत्रा मुद्दाम जाळण्यासाठी द्यावा. शिकणाऱ्याने भंगारातल्या बॉनेटच्या कडेवर रोटरी धरून ठेवावी आणि क्लिअर जाऊन रंग दिसायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे, आधी आणि नंतर गेजचा आकडा वहीत लिहावा. मग त्याच पत्र्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर डीए आणि मऊ पॅड चालवून तोच हिशेब मांडावा. दुसऱ्या पत्र्यावर शिक्षकाने आधीच पाडलेले चरे असावेत, काही उथळ, काही नख अडकेल असे. कोणते काढायचे आणि कोणते ठेवायचे ते मशीन सुरू करण्यापूर्वी खडूने खूण करून सांगायचे, आणि गुण त्यालाच जास्त द्यायचे. तिसरा पत्रा काळा असावा, कारण गडद रंगावर विखुरलेला प्रकाश लगेच उठून दिसतो आणि पांढरी गाडी जे झाकते ते काळी उघड करते. प्रत्यक्ष गाडीला हात त्यानंतर, आणि तीही आधी स्वतःच्या घरची, जुनी, फिक्या रंगाची. गिऱ्हाइकाची गाडी हाती येईल तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी मालकासमोर पाच-सहा ठिकाणची जाडी मोजून कागदावर लिहावी, काम झाल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा मोजावी आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवायला मालकाच्या हाती द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली तरी किती शिल्लक आहे ते त्याला कळेल.